माळ्यावरचा डबा उघडलात? बायोनिकल आणि बाकी जोडायच्या फिगर्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी दिवाळीची साफसफाई सुरू झाली की ठाण्यातल्या नाहीतर वाशी-ऐरोलीकडच्या कोणाच्या तरी माळ्यावरून एक डबा खाली येतो आणि मला फोटो येतो, की अरे हे तुझ्याकडे पण होतं ना, याचं नाव काय होतं, हात कुठे लागतो, आणि आता याचं करू काय. प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकतोय. जिथे मला जास्त बोलायचंय तिथे जास्त बोललोय, त्यामुळे काही उत्तरं लांबलीत.

हे नक्की काय आहे? रोबो आहे का?

डब्यात गोल बॉलसारखे सांधे, अधिकच्या चिन्हासारख्या आकाराच्या दांड्या, गिअर आणि एक सुटा मुखवटा असेल तर ते बहुतेक बायोनिकल. डेन्मार्कच्या लेगोची सिरीज, २००१ साली आली. बायोलॉजिकल आणि क्रॉनिकल हे दोन शब्द जोडून नाव बनवलेलं, म्हणजे जीवांची बखर असं काहीतरी, आणि त्यातले योद्धे अर्धे जिवंत अर्धे यंत्र. साधारण ३०-३५ पार्ट असायचे एका फिगरमध्ये, ते जोडून वीतभर उंचीचा योद्धा तयार व्हायचा, आणि खोक्याऐवजी प्लास्टिकचा उभा डबा मिळायचा. तो डबा आमच्याकडे नंतर कंपासपेटीतल्या पेन्सिली ठेवायला, गोट्या ठेवायला, सगळ्याला वापरला गेलाय. पुष्कळांकडे फिगर नाही पण डबा राहिलाय.

तेव्हा ठाण्यात मिळायचं का हे? तुला कसं मिळालं?

आमच्या घराजवळच्या दुकानांत तरी मला कधी दिसलं नाही. गोखले रोडला, राम मारुती रोडला खेळण्यांची दुकानं होती, काचेला नाक लावून बघायचो, पण तिथे गाड्या, बंदुका, बॅट आणि बोर्ड गेम. आमच्या ओळखीत ज्यांच्याकडे बायोनिकल होतं त्या सगळ्यांचं कोणीतरी बाहेर होतं, कोणाचा मामा दुबईला, कोणाची आत्या अमेरिकेत. माझ्या मावशीचे यजमान, आम्ही त्यांना काकाच म्हणतो, मस्कतला होते. २००२ च्या मे महिन्यात ते आले, आम्ही नौपाड्यात राहायचो, बॅगेतून खजूर, टँगचा डबा, आईला परफ्यूम आणि माझ्यासाठी एक काळा डबा निघाला. त्यात ओनुआ होता.

मला खरं तर डब्यातल्या कागदावरचा लाल हवा होता. त्या कागदावर सहाही जणांचे फोटो होते आणि मी एक दिवस रुसून बसलो. काका जाईपर्यंत तो जोडलाच नाही. मग दुपारी आजीनेच कागद उलगडला. आता लेगोच्या कागदाची गंमत अशी की त्यात जोडायचं कसं ते सांगायला एक शब्द नसतो, नुसती चित्रं, पायरी एक पायरी दोन, कुठला पार्ट किती घ्यायचा तेही चित्रातच. माझ्या आजीला इंग्लिश वाचता येत नव्हतं पण ती क्रोशाचे रुमाल मासिकातल्या नमुन्यावरून बघून बघून विणायची, तिला असं चित्र वाचायची सवय होती. मी काही जोडायच्या आधी तिने पाय तयार केला. मी घाईघाईत दुसरा लावला तर म्हणाली, "उलटा लावलास रे, चित्रात बघ, गुडघा पुढे आहे."

तासाभरात ओनुआ उभा राहिला. पाठीमागचा गिअर फिरवला की त्याचे पंजे हलायचे. आजी बघत बसली आणि म्हणाली, "काळोबा आहे हा." तेव्हापासून तो काळोबा.

ते सहा जण कोण होते, मला आता नावं आठवत नाहीत

लाल ताहू, आगीचा. निळी गाली, पाण्याची. हिरवा लेवा, हवेचा. पांढरा कोपाका, बर्फाचा. तपकिरी पोहातू, दगडाचा. काळा ओनुआ, मातीचा. या सहांना तोआ म्हणायचे आणि ते माता नुई नावाच्या बेटावर येऊन पडतात अशी कथा होती. सेटचे नंबर ८५३१ ते ८५३६, कागदावर किंवा डब्यावर सापडला तर ओळखायला सोपं जातं. ८५३१ पोहातू, ८५३२ ओनुआ, ८५३३ गाली, ८५३४ ताहू, ८५३५ लेवा, ८५३६ कोपाका.

गाली मुलगी आहे हे आम्हाला वर्षभर माहीतच नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या मित्राकडे गाली होती, आजीने तिचं नाव नीळोबा ठेवलेलं, नीळोबारायांचे अभंग तिच्या रोजच्या म्हणण्यातले त्यामुळे ते नाव तिच्या तोंडात तयारच होतं. मग २००३ ला आम्ही सायबर कॅफेत तासाला २० रुपये देऊन वेबसाइट उघडली, ती उघडायलाच दहा मिनिटं गेली, आणि कळलं की गाली मुलगी. घरी येऊन आजीला सांगितलं तर तिने लगेच नाव बदललं, निळाई. आम्ही आजही त्या फिगरला निळाईच म्हणतो.

मुखवटे वेगवेगळे का असायचे?

ते मुखवटे म्हणजेच जमवायची खरी गोष्ट होती. त्यांना कानोही म्हणायचे, प्रत्येकाची एक शक्ती, ताहूच्या मुखवट्याची ढाल, पोहातूच्या मुखवट्याचा वेग, ओनुआच्या मुखवट्याची ताकद, गालीच्या मुखवट्याने पाण्यात श्वास घेता यायचा आणि म्हणून तिचा आरपार दिसणारा निळा. पहिल्या वर्षी १२ आकार आणि ६ रंग, म्हणजे ७२ मुखवटे आणि वर सोनेरी-चंदेरी वेगळे. सुटे मुखवटे बंद पाकिटात यायचे, आत कोणता निघेल ते उघडल्याशिवाय कळायचं नाही. आमच्याकडे असलं पाकीट कधी आलंच नाही. आमच्या आख्ख्या गल्लीत मिळून पाच मुखवटे होते आणि त्यांची अदलाबदल चालायची, शनिवारी सकाळी शाळा सुटली की. काळोबाला निळाईचा मुखवटा घातला की तो पोहू शकतो असा नियम होता आणि तलावपाळीला फिरायला गेलो की त्याला मुद्दाम तोच घालून न्यायचो.

डोळे चमकायचे ते बॅटरीवर का?

बॅटरी नाही! डोक्याच्या आत एक पारदर्शक रंगीत पार्ट असतो, त्याचं एक टोक डोळ्यांत येतं आणि दुसरं डोक्याच्या मागच्या बाजूला उघडं राहतं. मागून उजेड पडला की तो पार्टमधून आत शिरतो आणि डोळ्यांतून बाहेर पडतो. दिवसा एवढं लक्षात येत नाही. पण ज्यांनी २००५ ते २००८ मधलं लोडशेडिंग पाहिलंय त्यांना विचारा. लाइट गेली की आम्ही सगळे जिन्यात जमायचो, एकाकडे टॉर्च, आणि काळोबाच्या डोक्यामागे टॉर्च धरला की अंधारात फक्त दोन डोळे. लहान मुलं घाबरायची आणि परत परत दाखव म्हणायची. आता तुमच्याकडे डोकं सापडलं असेल तर आजच रात्री खोलीतले दिवे बंद करून मोबाइलचा टॉर्च मागे धरून बघा, वीस वर्षांनीसुद्धा तसंच चमकतं, यात बिघडण्यासारखं काही नाहीच.

नावं कुठल्या भाषेतली आहेत?

पहिल्या वर्षाची बरीच नावं न्यूझीलंडच्या माओरी आणि आसपासच्या पॉलिनेशियन भाषांवरून घेतलेली. तोआ म्हणजे योद्धा. गावकऱ्यांना आधी तोहुंगा म्हणायचे, माओरीत तो शब्द जाणत्या माणसाला, धर्मकार्य करणाऱ्याला वापरतात. २००१ मध्ये माओरी लोकांनी आक्षेप घेतला, बोलणी झाली आणि नंतर तोहुंगाचं मातोरान झालं, आणखीही काही नावांची स्पेलिंगं बदलली. लहानपणी हे वाचलं तेव्हा समजलं नव्हतं एवढं काय त्यात. आता समजतं. उद्या कोणी परदेशी कंपनीने खेळण्यातल्या गावकऱ्याला कीर्तनकार नाव देऊन विकायला काढलं तर आपल्याला विचारावं असं आपल्यालाही वाटेलच ना. नाव बदललं ते बरं केलं, आणि खेळ तसूभरही कमी झाला नाही.

एवढं चालत होतं तर बंद का पडलं?

२००१ पासून २०१० पर्यंत चाललं, मग त्याच जागी हिरो फॅक्टरी ही लेगोचीच दुसरी सिरीज आली, २०१५ ला बायोनिकल परत आलं आणि २०१६ ला परत थांबलं. मधल्या वर्षांत दर वर्षी नवीन मंडळी: २००२ ला गोळा होऊन घरंगळणारे बोहरॉक, २००३ ला उंच सडपातळ राहक्षी, २००४ ला मेत्रू नुईचं शहर, असं पुढे पुढे. ज्या काळात हे आलं तो लेगोचा वाईट काळ होता, १९९८ ला कंपनीला पहिल्यांदा तोटा झाला होता आणि २००३-०४ ला तर फारच, तेव्हा ज्या थोड्या गोष्टी चांगल्या खपत होत्या त्यात बायोनिकल होतं.

मला यातली सर्वात आवडणारी गोष्ट ख्रिस्तियन फेबरची. हा डेन्मार्कचा आर्ट डायरेक्टर, बायोनिकल घडवणाऱ्यांपैकी एक. त्याच्या मेंदूत गाठ होती, कॅन्सरची नव्हे पण औषध कायम चालू, आणि औषध घेताना त्याच्या डोक्यात यायचं की आपण शरीरात छोटे सैनिक सोडतोय आणि ते आत जाऊन शरीर दुरुस्त करतायत. डब्यात बंद होऊन बेटावर येणारे सहा तोआ तिथून आले. आणि २००८ ला कथेत उघड झालं की ते बेट एका अवाढव्य रोबोच्या तोंडावर होतं, सगळं जग त्याच्या आत चाललेलं. कॉलेजात असताना हे वाचलं आणि लगेच आजीला सांगायला गेलो, तिच्या गोळ्यांची डबी शेजारीच होती. ती म्हणाली, "म्हणजे माझ्या पोटात पण काळोबा आहे."

माझ्या फिगरला हात एकाचा आणि पाय दुसऱ्याचा लागलाय. सगळं सुटं करून ओरिजिनलसारखं करू का?

हा प्रश्न मला सर्वात जास्त वेळा येतो आणि माझं उत्तर ठाम आहे: थांबा, लगेच सुटं करू नका. आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. मग शांत बसून बघा की तो हात तिथे का आहे.

कारण तो चुकून लागलेला नसतो. ओरिजिनल कसा दिसतो ते चित्र नेटवर केव्हाही मिळेल, प्रत्येक सेटच्या सूचनांचे कागद स्कॅन केलेले सापडतात, ते पुढच्या वर्षीही असतील. पण तुमच्या ताहूला बोहरॉकची ढाल कोणी लावली आणि कधी, हे फक्त त्या जोडणीत राहिलंय आणि एकदा सुटं केलं की गेलं.

आमचंच सांगतो. तीन तीन तोआ जोडून एक मोठा बनतो, त्याला काइता म्हणतात, कागदात तशी कृती दिलेली. एक काइता ताहू-ओनुआ-पोहातूचा आणि दुसरा कोपाका-गाली-लेवाचा. आता आमच्या बिल्डिंगमध्ये होते किती, तर दोन, ओनुआ आणि गाली, आणि तेही वेगवेगळ्या गटातले! म्हणजे अधिकृतपणे आमचे दोघे कधी एकत्र येऊच शकत नव्हते. मग मी आणि वरच्या मजल्यावरचा मित्र दोघांनी मिळून एक सुट्टी घालवली आणि आमचा स्वतःचा काइता बनवला, अर्धा काळा अर्धा निळा, चार हात, दोन डोकी, एक पुढे बघणारं एक मागे. उभा राहायचा नाही, सारखा पाठीवर पडायचा, म्हणून आजीने त्याच्या पाठीला टेकू म्हणून लाकडी चमचा बांधायचा सुचवला आणि मग उभा राहिला. जगात कुठल्याही कागदात नाही तो.

२००६ ला मित्राच्या बाबांची बदली झाली, ते नागपूरला गेले. जाताना वाटण्या करायच्या होत्या आणि आम्ही तो काइता सुटा करून आपापले पार्ट घेतले, अगदी प्रामाणिकपणे मोजून. फोटो काढलेला नाही. कॅमेऱ्यात रोल होता पण तो लग्नासाठी राखून ठेवलेला. मी त्यानंतर किती वेळा तसाच परत बनवायचा प्रयत्न केलाय, पार्ट सगळे आणलेत, पण मागचं डोकं नक्की कशावर बसवलेलं ते मला आठवत नाही आणि त्यालाही आठवत नाही. म्हणून सांगतोय, आधी फोटो.

फोटो काढून झाले की खुशाल ओरिजिनल बनवा, काही हरकत नाही, जोडण्यात मजा आहेच.

पार्ट हरवलेत, एक पाय नाहीच. आता काय?

दोन रस्ते आहेत. एक, सुटे पार्ट विकत मिळतात, ब्रिकलिंक म्हणून साइट आहे (२०१९ पासून ती लेगोचीच झालीय), तिथे पार्टच्या नंबरवरून शोधायचं. नंबर बऱ्याच पार्टवर आतल्या बाजूला अगदी बारीक कोरलेला असतो, भिंग लागेल. बाहेरून मागवताना शिपिंग आणि कस्टम धरून हिशोब करा, २०२० च्या फेब्रुवारीत आपल्याकडे खेळण्यांवरची आयात ड्युटी २० टक्क्यांवरून ६० झाली आणि २०२३ मध्ये ७०, त्यामुळे पाच रुपयांचा पाय पाच रुपयांत पडत नाही. चार-पाच जणांनी मिळून एकत्र ऑर्डर केली तर परवडतं.

दुसरा रस्ता, नाही मागवायचा. माझ्या आतेभावाचा बोहरॉक आहे, लाल ताहनॉक. तो कळव्याला तळमजल्यावर राहायचा. २६ जुलै २००५ ला पाणी घरात कमरेपर्यंत चढलं, हे लोक वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे रात्रभर होते. दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर खाली आले तर गाद्या, पुस्तकं, धान्य सगळं गेलेलं, आणि बोहरॉकचा डबा स्वयंपाकघराच्या ओट्यावर येऊन बसलेला, गॅसच्या शेजारी, कोणीतरी ठेवल्यासारखा. रात्रभर तरंगत होता तो. डब्यात होते ते पार्ट वाचले, पण फिगर अर्धी जोडून बाहेर ठेवलेली होती तिचा एक पाय चिखलात गेला तो गेलाच. आत्याने महिनाभर चिखल उपसताना दर वेळी तो पाय सापडतो का बघितलं, एवढं सगळं नुकसान झालेलं असताना तिने ते बघितलं हे मला मोठं झाल्यावर कळलं. आतेभावाने मग बॉलपेनची नळी कापून दोऱ्याने बांधली. आता तो चांगला कमावतो, दहा पाय मागवू शकेल, पण नळी काढत नाही. आणि मला ते पूर्ण पटतं.

धुवायचं कसं?

कोमट पाणी, भांड्याचा साबण थोडासा, जुना मऊ टूथब्रश. पाणी ४० डिग्रीच्या वर नको. गिअर आणि बॉलच्या खोबणीत सर्वात जास्त घाण असते. फडक्यावर पसरून पंख्याखाली वाळवा, उन्हात नको, हेअर ड्रायर नको. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर चुकूनही लावू नका, त्यातल्या अॅसिटोनने हे प्लास्टिक विरघळतं.

कोपाकासारखे पांढरे पार्ट पिवळे पडले असतील तर हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवून उन्हात ठेवायची पद्धत आहे आणि ती काम करते, पण हातमोजे घालावे लागतात, मुलांपासून लांब करावं लागतं आणि पार्ट कमकुवत व्हायची भीती असते. मी करत नाही. पिवळा पडलेला कोपाका मला चालतो.

पावसाळ्यात काय काळजी घ्यायची?

आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांना बुरशी येते तर कागदाला येणारच. प्लास्टिकला पाण्याने काही होत नाही, जपायचं ते कागद आणि स्टिकर. कागद वेगळ्या झिपच्या पिशवीत, त्यात नवीन बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या. पार्टच्या डब्यात डांबरगोळ्या टाकू नका, कपड्यांना ठीक आहेत पण त्यांची वाफ काही प्लास्टिकला खराब करते. आणि रबरबँड लावून ठेवू नका, दोन-तीन वर्षांत वितळून चिकटतो आणि डाग जात नाही.

सांधे लावताना कडकन तुटले

जुनं प्लास्टिक आहे, हळूच. विशेष करून २००७-०८ च्या सुमाराचे पोपटी हिरव्या रंगाचे सांधे फार ठिसूळ, ते जोडलेले असतील तर जोडलेलेच राहू द्या, काढघाल करू नका. बाकीचे सांधे थंडीत जास्त कडक असतात, थोडा वेळ मुठीत धरून गरम करा आणि मग सरळ दाबा, तिरका जोर नको.

ओरिजिनल आहे की डुप्लिकेट, कसं कळणार?

मुखवट्याच्या आत, दांडीवर, सांध्यावर कुठेतरी लेगो असं कोरलेलं असतं. डुप्लिकेटवर नसतं, रंग जरा भडक असतो, आणि बॉल खोबणीत एकतर फार सैल नाहीतर फार घट्ट. पण डुप्लिकेट निघाला तर मन खट्टू करू नका. आमच्या गल्लीत एकाकडे जत्रेतून घेतलेला होता, कुठल्या कंपनीचा देव जाणे, सहा महिने तो आमचा सेनापती होता.

किंडर जॉयची खेळणी यात धरायची का?

अर्थात! माझ्या धाकट्या बहिणीच्या पिढीचं जमवणं तेच. किंडरचं अंडं इटलीत १९७४ पासूनचं, आपल्याकडे दोन भागांचं जॉय आलं, एका भागात क्रीम आणि छोटा चमचा, दुसऱ्यात खेळणं, आणि ते बनतं आपल्या बारामतीत. तेव्हाचे तीस-पस्तीस रुपये म्हणजे लहान मुलीला फार, त्यामुळे परीक्षा संपली की एक, दात पाडून घेतला की एक. तीन-चार पार्टचं काहीतरी, इवलासा कागद, जोडायला अर्धं मिनिट. तिने प्रत्येक कागद वहीत चिकटवलाय आणि खाली तारीख आणि कशाबद्दल मिळालं ते लिहिलंय, "दाढेला इंजेक्शन घेतलं, रडले नाही". माझ्या आख्ख्या संग्रहापेक्षा ती वही मोठी आहे असं मी मनापासून मानतो. तुमच्याकडे असे कागद असतील तर फेकू नका, मागे लिहून ठेवा कोणी दिलं.

आणि लेगोचे ते छोटे पिवळ्या तोंडाचे?

मिनिफिगर, १९७८ पासून. आधी सगळ्यांचा चेहरा एकच हसरा, १९८९ च्या समुद्री चाच्यांपासून वेगवेगळे चेहरे आले. २०१० पासून ते एकेकटे बंद पाकिटात मिळायला लागले आणि मग मॉलमध्ये उभं राहून पाकीट बोटांनी चाचपायचं, ही टोपी, हा कुत्रा, हे तंबोऱ्यासारखं काहीतरी. २०२३ पासून पाकिटाऐवजी कागदी खोकं झालंय, चाचपणं संपलं. खोकं हलवून काही कळत नाही, मी करून पाहिलंय.

गुंडमची मॉडेल्स करणारी मुलं विचारतात आम्ही यात येतो का?

या की. गुंडम म्हणजे जपानी कार्टूनमधले मोठे रोबो, त्यांची जपानच्या बांदाई कंपनीची पहिली किट १९८० ची, म्हणजे बायोनिकलपेक्षा २१ वर्षांनी मोठी. फ्रेममधून पार्ट कापून, कडा घासून, जोडायचं, काम जास्त नाजूक आहे. ऐरोलीत आमच्या सोसायटीतला अकरावीतला मुलगा करतो, त्याच्याकडून मी नीट कापायला शिकलो.

विकून टाकू का? किती येतील?

तुमचा निर्णय. पूर्ण सेट, डबा आणि कागदासकट असेल तर मागणी असते, सुट्या मिसळलेल्या पार्टना वजनावर भाव मिळतो. पैशाची गरज असेल तर जरूर विका, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. फक्त ज्याच्याबरोबर खेळलात त्याला एक फोन करा आधी. मी एकदा कोणालातरी हे सांगितलं तर तो म्हणाला बारा वर्षं बोललो नाही आम्ही. केला त्याने फोन. विकलं नाही मग.

माझ्या मुलांना देऊ का खेळायला?

तीन वर्षांखालच्यांना नको, पार्ट घशात अडकतात. मोठ्यांना द्या, पण तुम्ही शेजारी बसून "असं नाही तसं" करू नका, कागद उघडून समोर ठेवा आणि गप्प बसा. आणि घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना बोलवा. चष्मा लावून ते जेवढ्या निगुतीने चित्र बघतात तेवढं आपण बघत नाही.

काळोबाला दिवाळीच्या किल्ल्यावर ठेवायचात म्हणे?

किल्ल्यावर नाही, किल्ल्याबाहेर. आवारात आम्ही पोरं किल्ला करायचो, दगड, विटा, वरून चिखलात बुडवलेलं गोणपाट, अळीव पेरून हिरवळ, जांभळी नाक्यावरून आणलेले मातीचे मावळे आणि सर्वात वर महाराज. पहिल्या वर्षी काळोबाला बुरुजावर ठेवला तर बिल्डिंगमधले एक आजोबा म्हणाले महाराजांच्या किल्ल्यावर हा कोण, काढा. त्यांचं बरोबर होतं. आजीने तोड काढली, म्हणाली याला खंदकाबाहेर ठेवा, हा रात्रीची गस्त घालेल, मावळे दिवसभर दमलेत. आजोबांना पटलं. तेव्हापासून दर दिवाळीला काळोबा खंदकाबाहेर, आणि रात्री मागे पणती ठेवली की डोळे चमकायचे. आजोबा स्वतः पणती सरकवून बघायचे कुठे ठेवली की जास्त चमकतात.

काळोबा आहे का अजून?

आहे. आता आम्ही ऐरोलीला असतो, आजी २०१४ ला गेली. तिच्या क्रोशाच्या पिशवीत सुया, अर्धा विणलेला रुमाल आणि त्या ओनुआचा कागद होता, घड्या पडून मधून फाटलेला, तिने मागून पांढऱ्या दोऱ्याने टाके घालून शिवलेला. कागदाला दोऱ्याचे टाके. मी तो तसाच ठेवलाय, झिपच्या पिशवीत, सिलिका जेल घालून.

यंदा भाचीने किल्ला केला, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, छोटासाच. काळोबाचा डावा पाय सैल झालाय त्यामुळे तो उभा राहीना, तर तिने जाऊन स्वयंपाकघरातून लाकडी चमचा आणला आणि त्याच्या पाठीला टेकू लावला. तिला मी काइताबद्दल कधी सांगितलेलं नव्हतं. फोटो काढलाय, पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी, आणि नागपूरला पाठवलाय.